दर्शनाचा डावा हात

मोहने गावच्या उत्तम भोईरांची संचिता लहानपणी गॅलरीतल्या कुंड्यांना शिकवायची. तुळस मॉनिटर, आणि कोरफड कायम शिक्षेवर, कारण ती टोचायची. कुंड्या कधी प्रश्न विचारत नाहीत, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नसावं. नाहीतर बी.एड.ला जाण्याआधी पोरीने जरा विचार केला असता!

तर बी.एड.च्या सरावासाठी तिला बाळकुमच्या एका शाळेत सहावीचा वर्ग मिळाला. विषय विज्ञान. शेवटच्या पाठाला कॉलेजातून आसावरी मॅडम येणार, मागच्या बाकावर बसणार आणि गुण देणार. माजिवड्याच्या एका शाळेने नोकरीचं अर्धंमुर्धं कबूल केलेलं, तेही या गुणांच्या भरवशावर.

तिच्याबरोबर सरावाला आलेला नयन या कामात पोचलेला. म्हणाला, "अगं, टेन्शन कशाला घेतेस? पोरांना सांगून ठेव, येत असेल तर उजवा हात, येत नसेल तर डावा. प्रश्न टाकला रे टाकला की अख्खा वर्ग हात वर! तू फक्त उजव्यांना विचार. मॅडम खूश, तू सुटलीस."

युक्ती अशी फळली की विचारू नका. वर्गात हातांचं रान माजलं. डावे हात बिचारे कोपरात वाकलेले, नजर चुकवणारे. पण खिडकीजवळच्या दर्शनाचा डावा हात? ताठ, बोटं नाचवत, आणि बाईसाहेब बाकावरून अर्ध्या उठलेल्या! आता न येणारा माणूस ते इतक्या हौसेने कशाला सांगेल? संचिताच्या डोक्यात हा किडा शिरला तो शिरलाच. पोरीला डावं-उजवं कळत नसेल म्हणावं, तर तेही कळत होतं.

शेवटी मधल्या सुट्टीत तिने गाठलंच. "काय गं, डावा हात एवढा उंच का करतेस?"

"येत नाही म्हणून."

"मग त्यात एवढा आनंद कसला?"

"टीचर, तुम्हीच म्हणालात ना, येत नसेल तर डावा? मी रोज करते. पण काय येत नाही, ते तुम्ही विचारतच नाही!"

संचिताच्या हातातला डबा हातातच राहिला. "उद्या विचारते हं," ती बोलून गेली. आणि मग आठवलं, मॅडम उद्याच येणार होत्या.

"वेडी झालीस का?" नयन ओरडला. "परवा विचार ना. एका दिवसाने त्या पोरीचं काय अडतंय?"

तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी पाठ जलचक्राचा. मॅडम मागच्या बाकावर. पहिले दोन-तीन प्रश्न उजव्या हातांनाच गेले. "पाऊस कुठून येतो?" संचिताने विचारलं. हातच हात! खिडकीजवळचा डावाही होता, पण आज कोपरात वाकलेला. इतरांसारखाच. तो पाहिला आणि संचिताने हातातला खडू खाली ठेवला.

"दर्शना, तुला काय येत नाही?"

अख्खा वर्ग वळला. मॅडमचं पेन थांबलं.

"टीचर, खाडीचं पाणी खारट. त्याचीच वाफ, त्याचेच ढग. मग पाऊस खारट का नाही?"

पाठाच्या टाचणात हे नव्हतं. मीठ मागे राहतं, हे संचिताला पाठ होतं. त्यावर तिने गुणही मिळवले होते. पण चाखून कधी पाहिलं होतं?

"चला, बघू या," ती म्हणाली.

खिचडी शिजवणाऱ्या रंगूबाईंनी मीठ घातलेल्या उकळत्या पाण्याचं पातेलं आणून टेबलावर ठेवलं. "लांब व्हा गं, भाजंल!" वर ताटली झाकली. थोड्या वेळाने उलटली, तर थेंबच थेंब. पहिला दर्शनाने चाखला.

"टीचर, अळणी!"

मग काय, ताटलीवर झुंबड. आणि तोवर दर्शनाचा डावा हात पुन्हा वर, ताठ. "मग मीठ कुठे गेलं?"

घंटा झाली. फळा अर्धा कोराच.

"पाठ अर्धाच झाला," मॅडम म्हणाल्या. "गुण तेवढेच मिळतील. आणि ती हातांची युक्ती पुन्हा नको."

"हो मॅडम."

दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "मीठ कुठे गेलं, ते उद्या सांगणार ना?"

"नाही मॅडम. पातेलं आटवणार."

गुण बेताचे पडले, माजिवड्याची नोकरी नयनला लागली. पण दुसऱ्या दिवशी पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरला, तेव्हा भोवतीच्या घोळक्यात उजवा हात एकही वर नव्हता. सगळे डावे, आणि सगळे ताठ.