ओसाकातलं मत्स्यालय राहू दिलं

मंडळी, आज ऑफिसातून लवकर निघून हिमायतनगरच्या ट्रॅव्हल एजंटकडे गेले. ओसाकाची छोटी ट्रिप पक्की करायची होती.

ही ट्रिप खरं तर माझी आणि पद्मजाची. शेजारशेजारच्या टेबलांवर बसून, डब्यातलं लोणचं वाटून घेत आम्ही ती ठरवली होती. मग आंध्राची दोन राज्यं झाली आणि आमच्या सरकारी खात्याचेही दोन भाग झाले. पद्मजा आंध्रात, विजयवाड्याला गेली. मी इथेच राहिले. नव्या ऑफिसात तिला आता रजा मिळत नाही. "तू तो जाके आ," म्हणाली फोनवर.

एजंटने विचारलं, "आप अकेलेच जारे क्या मॅडम?"

"हौ," मी म्हटलं.

आमचा जुना प्लॅन उघडून तो म्हणाला, "फिर मछलीघर निकाल देतूं. आप तो हर बार नक्कोच बोलते थे."

खरंच बोलायचे. मला किल्ला निवांत बघायचा होता, पद्मजाला मत्स्यालय. काचेतले मासे बघायला जपान कशाला, यावरून आम्ही त्याच्या दुकानातच भांडलो होतो. आता अख्खा दिवस किल्ल्यात घालवायला मी मोकळी होते.

"नक्को, मछलीघर रहने दो," माझ्या तोंडून निघालं.

नल्लकुंट्याला घरी पोचले तरी डोक्यात तेच चाललंय. तुमच्यापैकी कुणी दोघींनी ठरवलेली ट्रिप एकटीने केली आहे का? मला एवढंच सांगा, त्या काचेपुढे उभी राहून "कशाला आणलंस गं इथे?" असं मी कुणाला म्हणू?