राजारामपुरीत चढलेली टोपी

मलकापूरहून सकाळच्या एस.टी.ने निघालो तेव्हा डोकं उघडं होतं. कारभारीण (आमच्याकडं बायकोला असं म्हणतात) जाऊन वर्ष झालं होतं. त्या दिवशी टोपी काढली ती काढलीच. आमच्यात दुखवटा आपला आपण निघत नाही. दुसऱ्यानं नवी टोपी डोक्यावर घालायची, गोड खाऊ घालायचं, मग माणूस परत माणसांत. तेराव्याला मेव्हणे टोपी घेऊन आले होते, मी हात झिडकारला. आता कोल्हापुरातून लेकीचं पत्र आलं, आबा, वर्ष झालं, या.

बांबवडे सोडलं की दोन्ही अंगाला ऊस. गुऱ्हाळांचा वास थेट गाडीत येत होता. शेजारचा गडी म्हणाला, "पावणं, खिडकी लावा की. गारठा लागतोय."

"गूळ फुकट मिळतोय, घ्या की जरा," मी म्हणालो.

पुढं टायर फुटलं. तासभर बांधावर बसलो. पंचगंगेचा पूल आला तेव्हा ऊन डोक्यावर.

राजारामपुरीच्या गल्ल्या रंधा मारल्यासारख्या सरळ, सगळ्या सारख्या. मी सुतार असून दोनदा चुकलो. लेकीनं, सुमननं, पुरणपोळी केली होती. ताटाशेजारी पांढरी टोपी. जावयांनी ती उचलली.

"न्हाय. अजून न्हाय."

"मग कधी, आबा?" सुमन म्हणाली.

"तुझी आई परत आली की!"

बोललो आणि जीभ चावली. ती उठून आत गेली. पोळी तशीच राहिली. मी फिरायला निघालो तर मागनं येऊन तिनं टोपी माझ्या पिशवीत कोंबली. "आमच्या हातनं नको तर कुणाच्याही हातनं घाला. पण घाला."

दोन गल्ल्या पुढं एका हॉलमध्ये गर्दी दिसली. आत फोटोला हार. फोटोत गिटार घेतलेला एक काळा, थोराड माणूस. पुढं काळ्या कपड्यांतली, उघड्या डोक्याची चार पोरं वाजवत होती. म्हटलं, यांचं कुणीतरी गेलंय. मागं टेकलो.

गाणं इंग्रजी, मला काय कळणार! पण गाणारा एक ओळ म्हणायचा, तीच परत म्हणायचा, मग तिसरी म्हणून मोकळा व्हायचा. मधे गिटार कण्हायची. मी ताठ झालो. कारभारीण अशीच बोलायची. "पाणी तापलंय. पाणी तापलंय म्हणते मी. का विझवू चूल?" वर्षभर घरात ते ऐकलं नव्हतं.

वाजवणं थांबलं. मला जे येतं ते मी केलं. स्टेजवर चढलो आणि पिशवीतली टोपी गिटारवाल्याच्या डोक्यावर घातली. "निघाला दुखवटा. आता गोड खावा."

सगळा हॉल हसला. तो पोरगा मात्र हसला नाही. "आजोबा, हे अमेरिकेचे होते. आम्ही बघितलंसुद्धा न्हाय. रेकॉर्डी ऐकून शिकलो. त्यांचीच गाणी वाजवतोय."

"मग डोकी का उघडी?"

"आम्ही टोपी घालतोच कुठं!" मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमची कुठाय?"

"कारभारीण गेली," म्हणालो.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावर ठेवली, नीट सरळ केली. मी हात झिडकारला नाही. "बसा पुढं," तो म्हणाला, "एक राहिलंय." ते मी पहिल्या ओळीत बसून ऐकलं.

दिवेलागणीला घरी आलो. सुमन दारातच थबकली. "कुणी घातली?"

"अमेरिकेच्या पावण्याच्या माणसांनी. पोळी ठेवलीस का?"

"ठेवली म्हणजे? वाट बघत बसलीय ती," म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत तवा तापवायला गेली. तीन पोळ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत मी विचार करत होतो. त्या पोरांनी न बघितलेल्या माणसाचं गाणं जिवंत ठेवलं. मी तर चाळीस वर्षं बघितलेल्या बाईचं नावसुद्धा वर्षभर घेतलं नव्हतं. लक्ष्मी तिचं नाव. घरी गेल्यावर चूल पेटवायची, पाणी तापवायचं, आणि तापलंय म्हणून दोनदा ओरडायचं, असं ठरवलं.

बांबवड्याच्या पुढं खिडकीतनं वारं आलं आणि टोपी उडायला लागली. मी ती हातानं धरली.