अमाल्फीच्या वाटेवर चाची

"गाडी मालकाची, रस्ता आपला," असं म्हणत चाचा स्टिअरिंगवर थाप मारायचे आणि मगच निघायचे.

आमच्या कंपनीच्या मालकांच्या आईचे ते ड्रायव्हर, मूळचे रत्नागिरीकडचे. म्हाताऱ्या मालकीणबाई कुवेतमध्ये सबाह अल-सालेम भागात राहायच्या. चाचा ऑफिसात आले की "यल्ला, चल गो बाय, बस" म्हणून मला अब्बासियाला घरापर्यंत सोडत आणि वाटभर इतर ड्रायव्हरांचा उद्धार करत. कुवेतचे रस्ते त्यांना मुळीच पसंत नव्हते. फूटपट्टीने आखलेल्या रस्त्यावर कसलं आलंय ड्रायव्हिंग, म्हणायचे.

त्यांचा खरा रस्ता इटलीत होता. दर उन्हाळ्यात मालकीणबाई तिकडे जात आणि चाचांनाही नेत. पोझिटानोहून अमाल्फीकडे जाणारा रस्ता, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला थेट खाली समुद्र. समोरून बस आली की चाचा आरसा मिटून बोटभर जागेतून गाडी काढायचे. कुंभार्ली घाटात ट्रक चालवलेला माणूस, त्याला काय त्याचं! हे तेच सांगत, बरं का. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नम्रपणा त्यांच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. पण येताना माझ्यासाठी तिकडचं पपनसाएवढं लिंबू आठवणीने आणायचे.

एकच गोष्ट त्यांना सलायची. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बायकामुलांना फिरवलं, पण चाची त्यांच्या गाडीत कधी बसली नव्हती. गावी गाडीच नव्हती, रजेत दोघं एसटीनेच फिरायची. काम सोडण्याआधी तिला तो रस्ता दाखवायचाच, हा त्यांचा हट्ट होता. शेवटच्या उन्हाळ्यात त्यांनी मालकीणबाईंना सांगून टाकलं, यंदा तुमच्या सोबतीला माझी घरवाली येईल. विनंती नव्हे, सांगितलं. बाई हसल्या आणि त्यांनी मुलाला व्हिसाच्या मागे लावलं.

तिकडून आल्यावर थोड्याच दिवसांत चाचा कायमचे गावी निघाले. विमानतळावर मीच माझ्या नव्या गाडीतून सोडलं. माझं ब्रेक मारणं त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. टर्मिनलपाशी मी विचारलं, चाचीला रस्ता आवडला का?

चाचीने म्हणे वळणांच्या धास्तीने गावाहून उलटीच्या गोळ्या नेल्या होत्या. एकीने काय होतंय, म्हणून दोन घेतल्या. पोझिटानो सुटायच्या आत मान कलली, ती थेट अमाल्फीला उचलली. ऐकून माझा जीव हळहळला.

"अहो चाचा, उठवायचं ना!"

"मालकीण पण तेच बोलली," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "पण बाय, माझ्या काळजीने ती जन्मभर जागलीय. माझ्या बाजूला बसून पहिल्यांदा अशी निवांत झोपली. तिला काय समुद्र दाखवायला उठवू?"

बॅग उचलून ते आत गेले. मला काही लगेच गाडी काढता आली नाही. मागचा हॉर्न वाजवत राहिला.