ब्रह्मदेशाचं पीस

कंग्राळीच्या भरमू मोऱ्याच्या घरी लेकीच्या लग्नाचं देवक बसायचं होतं, आणि देवकाच्या पिसाला कसर लागली होती. मोऱ्यांचं कुळदेवक मोर. मोराच्या पिसाशिवाय देवक बसत नाही आणि देवक बसल्याशिवाय हळद लागत नाही. मांडव घालून झाला होता. अंबू न्हाऊन बसली होती.

"तू लढाईवरनं आणलंयस न्हवं एक पीस?" भरमूची आत्ती अक्काताई म्हणाली. "काढ की."

भरमूनं आढ्याला खोचलेली बांबूची नळी काढली, पण हातातच धरून राहिला.

"आत्ती, ते मोराचंच हाय का, ठावं न्हाय."

"पीस बघून कळंना व्हय तुला?"

"पीस मोराचंच दिसतंय. पक्ष्याचं कळंना."

लढाईच्या सालात तो ब्रह्मदेशात रस्त्याच्या कामावर होता. काम सोपं. ओढ्यातले दगड पाटीत भरायचे, पाटी डोक्यावर घ्यायची, चढ चढायचा, वर ओतायचे. सोपं म्हणजे समजायला. भरली पाटी एकट्याला चढवता येत नाही, दुसऱ्याचा हात लागतो. म्हणून वाटेत कुणी उतरवत नसे.

एका सकाळी बांबूच्या बेटातून एक पक्षी वाटेवर आला. पिसारा मोराचा. पण मान हिरवी, माशासारखी खवल्याखवल्यांची. तुरा पसरलेला नाही, कणसासारखा उभा. गालावर पिवळं.

मोऱ्यांच्या घरची रीत अशी, की मोर दिसला की हातातलं ठेवायचं आणि नमस्कार करायचा. कंग्राळीच्या शिवारात भरमूनं चालता नांगर थांबवला होता. इथं डोक्यावर दगड होते. हा देव असेल तर तसंच पुढं जाणं वाईट. नसेल तर पाटी फुकट उतरायची.

मागं संकेश्वरचा आण्णाप्पा होता. भरमूनं विचारलं, "मोर हाय का रं ह्यो?"

"मोर न्हाय तर कोंबडा असंल. चाल बाबा, मान मोडाय लागलीया."

"मग निळा का न्हाय?"

"हितली माणसं तरी आपल्यागत हाईत का?"

भरमूला पटलं. मग वाटलं, माणसाचं ठीक आहे, देवाचं तसं कसं चालेल? एवढ्यात पाटी खाली आलीही होती. पक्षी एक पीस टाकून बेटात शिरला. भरमूची पाटी चढवायला आण्णाप्पाला आपली उतरवावी लागली, आण्णाप्पाची चढवायला त्याच्या मागच्याला. अख्खी रांग बसली. शेवटच्याची पाटी मुकादमानं चढवली, आणि चढवता चढवता सगळ्यांचे आईबाप काढले.

एवढं सांगून भरमूनं नळी हातात फिरवली.

"म्हंजे पाटी उतरवलीस," आत्ती म्हणाली.

"उतरवली. पर नमस्कारासाठी, का मान भरून आलती म्हणून, ते आजून कळंना."

"हात जोडलंस?"

"जोडलं. पाटी उतरल्यावर मोकळंच हुतं की हात."

अक्काताईनं नळी ओढून घेतली. पीस काढलं, झटकलं, हळदकुंकू लावलं आणि देवकात बांधलं.

"मोकळं हात कमरंवर बी ठेवता आलं असतं," ती म्हणाली. "बस आता पाटावर. पोरगी खोळंबलीया."

भरमू पाटावर बसला. समोरचं पीस ओळखीचं होतं. त्यानं हात जोडले, डोळे मिटले. मान मात्र हिरवीच दिसत राहिली.