फाइलींची नावं आणि मोठीमायची मुळी

संगणकाबद्दल मी लिहावं एवढं माझं शिक्षण अजून झालेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि लिहिणारा तर कोणीच नव्हता. कुठे चुकलं तर माफ करा. पण ही एक गोष्ट मला नीट समजली आहे, कारण ती मी स्वतः चुकून शिकलो.

आमचं गाव मुलचेऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून. ग्रामसभेने गावातल्या वनस्पतींची नोंदवही करायचं ठरवलं, तेव्हा लॅपटॉप माझ्या एकट्याकडे होता, म्हणून काम माझ्याकडे आलं. झाडपाला ओळखणारी गावात एकच, माझी मोठीमाय, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. गुरांच्या खुरांना जखमा झाल्या की लोक दूरदूरच्या गावांतून तिच्या अंगणात येतात. ती एक मुळी उगाळून देते. ही मुळी आमच्या रानात पाच-सहा ठिकाणीच उगवते.

शेजारच्या रानातली सफेद मुसळी, तीही एक औषधी मुळीच, व्यापाऱ्यांच्या माणसांनी एका पावसाळ्यात खणून नेली. ती परत उगवलीच नाही. तेव्हापासून मोठीमाय फार जपून असते. ती निघाली की ‘कुठी?’ असं कोणी विचारायचं नाही. जाते एका वाटेने, येते दुसऱ्या. मुळी लाकडांच्या भाऱ्यात मधोमध बांधते. बघणाऱ्याला वाटतं, बाई सरपण घेऊन आली.

माझ्यासोबत ती रानात फिरली, पण एका अटीवर. नोंदवहीत झाडाचं वर्णन आणि उपयोग जाईल, जागा मात्र आम्हा दोघांतच राहील. मी कबूल झालो. जागांचे फोटो आणि टिपणं घेतली आणि प्रत्येक फाइलला पासवर्ड लावला. जंगलातल्या जागेला पत्ता नसतो. आपण वाट सांगतो, तशीच मी फाइलींना नावं दिली.

एका सकाळी अंगणात लॅपटॉप उघडून मी तिला ऐटीत सांगत होतो की आता हे कोणाला उघडता येणार नाही. तेवढ्यात ग्रामसभेच्या सचिव ताई आल्या आणि माझ्या खांद्यावरून वाचू लागल्या, “पडक्या बोडीच्या मागं, तीन मोहांच्या खाली, पोळ्यानंतर... हे काय होय रे?”

बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. मोठीमायने लॅपटॉपकडे बोट केलं.

“कुलूप लावलं म्हणत होतास नं बाबू? मंग हिनं कसं वाचलं?”

“मोठीमाय, आतलं नाई वाचलं. फक्त नाव वाचलं.”

“नावातच तं बोडी हाये, मोह हाये, पोळा हाये. आता आत काय राह्यलं, माही फोटू?”

ताई हसल्या आणि म्हणाल्या, “मी काई वाचलं नाई बाई, मले चष्मा लागते.” त्या भल्या होत्या, म्हणून निभावलं. मला मात्र जेवण गेलं नाही.

चंद्रपूरला कॉलेजात परत आल्यावर मी संगणकाच्या लॅबमधल्या सरांना विचारलं, नावं बदलून एक, दोन, तीन केली तर? तशी बदललेली यादी सरांनी बघितली. म्हणाले, “तारखा बघ. सगळे फोटो पोळ्यानंतरच्या आठवड्यातले. या फोल्डरमध्ये चाळीस फाइली, त्या दुसऱ्यात दोनच. म्हणजे माल कुठे जास्त, तेही कळलं.” फाइलचं नाव, तारीख, आकार, ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे, या सगळ्याला मेटाडेटा म्हणतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. मोठीमाय वाट बदलते, भारा बांधते, ते कशासाठी, हे तेव्हा लक्षात आलं. ती मुळीपेक्षा मुळीचा माग जास्त लपवते.

सरांनी भंगारात निघालेल्या मशीनमधून दोन डिस्क काढून दिल्या. त्यांच्या आतच एन्क्रिप्शनची चिप होती. डिस्कवर जे उतरतं ते त्या चिपमधून जातं, फाइलचा मजकूरही आणि नावांची, तारखांची यादीही. किल्ली डिस्कच्या आतच तयार होते आणि उघडी अशी कधी बाहेर येत नाही. सुरू करताना पासवर्ड दिला नाही, तर किती फाइली आहेत हेसुद्धा दिसत नाही. सरांनी दोनदा बजावलं, “चालू मशीन म्हणजे उघडं दार. बंद केलं तरच कुलूप. आणि पासवर्ड विसरलास तर मीही काही करू शकणार नाही.”

एक डिस्क लॅपटॉपमध्ये बसवली, दुसरीवर तशीच प्रत करून ग्रामसभेच्या कपाटात ठेवली. जुनी डिस्क मोठीमायने वरवंट्याने ठेचली. मी पुरे म्हटलं तरी दोन घाव जास्तच घातले.

पुढच्या उन्हाळ्यात गावी येताना माझी बॅग बसमधून चोरीला गेली. लॅपटॉप त्यातच होता. डेपोत विचारलं, पोलिसांत लिहून दिलं आणि घरी येऊन मोठीमायसमोर उभा राहिलो. तिने एकच विचारलं.

“बंद होतं का चालू?”

“बंद. पूर्ण बंद.”

“मंग रडून काऊन राह्यला? जेवून घे.”

मी जेवलो. चिप काय करते ते मला माहीत होतं आणि त्यावर माझा विश्वास होता. तरी मुळीची पानं रानात पिवळी पडेपर्यंत, म्हणजे पोळ्यानंतर ती खणायची वेळ येईपर्यंत, खात्री कशी करणार? तिकडे लवकर फेरी मारणं म्हणजे आपणच माग दाखवणं. आम्ही थांबलो.

पोळा झाला. चौथ्या दिवशी मी लॅबमध्ये असताना सचिव ताईंचा फोन आला.

“तुही मोठीमाय सकाळी निघाली होती, आत्ता आली. तुले एवढंच सांग म्हणते, लाकडं जागच्या जागी होती, भारा भरून आणली. आता लाकडं कुठी जातेत रे? मले तं काई समजलं नाई.”

मला समजलं. बोडीमागे कोणी एक खड्डाही खणला नव्हता.