खिडकीतला डावा हात

ह्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते वालूरच्या बाजारात, त्यांच्या कापडाच्या दुकानात. दोन्ही घरं लिंगायत, गळ्यात इष्टलिंग बांधणारी, म्हणून सोयरीक बोलली गेली. तेवढ्यात निजामाच्या राज्यात चळवळीतल्या लोकांची धरपकड सुरू झाली आणि त्यातलेच हे हद्दीपलीकडं वऱ्हाडात पळाले. मग कुत्रं भुंकलं तरी मी दाराला कडी घालायची. लोक म्हणायचे, मेला असंल, दुसरं स्थळ बघा. मी त्यांच्या अंगावर धावून जायची.

एका दुपारी घरी एकटी असताना दार वाजलं. फटीतून पाहिलं, तर दाढी वाढवलेला, खाकी कपड्यातला माणूस. निजामाचा शिपाईच वाटला. मी विळा उचलला.

"आगं, मी हाय."

भीतीनं मला आवाजही ओळखू येईना. "गळ्यातलं इष्टलिंग दाखव," मी ओरडले.

गळा तर मोकळा होता. नाक्यावर झडती होते म्हणून ह्यांनी अंगावर खाकी चढवली होती आणि ते दंडाला बांधलं होतं. तिथून सोडून त्यांनी खिडकीच्या गजांतून हात आत घातला. पूजेला धरतात तसं डाव्या तळहातावर इष्टलिंग होतं, आणि तो हात माझ्या हातापेक्षा जास्त थरथरत होता.

मी विळा खाली ठेवला. लग्न तिथंच ठरलं. भ्यायचंच हाय, तर दोघांनी मिळून भ्यावं.