आजोबांची बाल्कनी आणि गणिताची मुलाखत

तुमच्या चुलत बहिणीला गणित शिकायला इंग्लंडमधल्या विद्यापीठात जायचं होतं, हे तुम्हांला ठाऊक आहे. तिची मुलाखत कशी झाली, हे मात्र तुम्ही आजोबांकडून ऐकलं असणार. म्हणून मी ते क्रमाने लिहून ठेवते.

मुलाखत लॅपटॉपवर व्हायची होती. तयारी म्हणून तिच्या शिकवणीच्या सरांनी एक सराव मुलाखत घेतली. मध्येच त्यांनी मुद्दाम चुकीची पायरी मांडून विचारलं, बरोबर ना? ही म्हणाली, हो सर. मग त्यांनी त्याहून ढळढळीत चूक केली. पुन्हा हो सर. शेवटी त्यांनी सांगितलं की तिकडचे प्राध्यापकही असंच भलतीकडे नेतात आणि मुलगी अडवते का ते बघतात. ही नुसती मान डोलावत राहिली, तर गणित कितीही येवो, प्रवेश मिळणार नाही.

"मला कळलं होतं चूक आहे ते," ती मला म्हणाली. "पण सरांना कसं सांगायचं, आजी?"

प्रश्न रास्त होता. आपल्या घरात मोठ्यांचं बोलणं कोणी खोडत नाही. आजोबा म्हणाले की आमटीत मीठ नाही, तर आमटी खारट असली तरी मिठाची वाटी पुढे येते. अशा घरात वाढलेली मुलगी प्राध्यापकांना चूक कसं म्हणणार? तेव्हा मी नियम केला. मुलाखतीपर्यंत मोठ्यांनी चुकीचं बोलायचं आणि तिने ते खोडायचं, कारण देऊन आणि आवाज न चढवता.

सकाळी चहा ओतताना मी म्हणायची, सम संख्या कधीच अविभाज्य नसते. ती म्हणायची, दोन असते ना, आजी. पहिल्या दिवशी एवढं बोलून ती माझ्या पाया पडायचीच काय ती बाकी राहिली होती. आठवडाभरात मात्र सराईत झाली.

आजोबांना हा प्रकार फार आवडला. अडचण एवढीच, की त्यांची निम्मी चुकीची विधानं त्यांना खरी वाटत होती. गावातल्या हरणी भागातून छाणी भागात जायचा त्यांचा जवळचा रस्ता तिने नकाशावर लांबचा ठरवला, तेव्हा ते संध्याकाळपर्यंत नकाशा उलटसुलट करून बघत बसले. फक्त बाल्कनीला तिने हात लावला नाही. हा फ्लॅट त्यांनी त्या लांबच लांब, हातभर रुंद बाल्कनीसाठी घेतला, आणि ती दिवाणखान्यापेक्षा मोठी आहे असं ते येईल त्याला सांगतात.

एकदा समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बेन खांडवी घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, "आजे बुधवार छे ने?" बुधवारच होता. तरी हिने सवयीने विचारलं, कशावरून? बेन घरी जाऊन कॅलेंडर बघून आल्या. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना तिने विचारलं की समई उजवीकडेच हवी हे गृहीतक आहे की सिद्धांत. गुरुजींनी जरा विचार केला, गृहीतक म्हणाले, आणि पूजा पुढे चालू केली.

पण ही सगळी आपली माणसं. परक्या प्राध्यापकांपुढे तिचं तोंड उघडेल का, ही काळजी होतीच.

मुलाखतीच्या दिवशी मी कुकर लावला नाही आणि दाराची घंटी बंद केली. आजोबा आणि मी स्वयंपाकघरात, दार किलकिलं. प्राध्यापक पांढऱ्या केसांचे, स्वेटर घातलेले, बोलायला अगदी मऊ. ते पाहून माझा धीरच सुटला. इतक्या मऊ माणसाला चूक म्हणणं आणखी अवघड; खेकसणारे असते तर बरं झालं असतं.

सुरुवात चांगली झाली. मग शेताच्या कुंपणाचं काहीतरी निघालं आणि प्राध्यापक म्हणाले, म्हणजे कुंपण जितकं लांब, तितकी जमीन जास्त. पटतंय ना?

बाहेरून "येस," असं अर्धवट ऐकू आलं. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. ते गेल्यावरही ती गप्पच.

"अगदी बरोबर," आजोबा माझ्या शेजारून खणखणीत आवाजात म्हणाले.

"चूक, आजोबा," बाहेरून तत्काळ आलं. "आपली बाल्कनी बघा ना. घेर केवढा, आणि एक खुर्ची मावत नाही."

म्हणजे हे सगळं मराठीत, प्राध्यापकांसमोर. त्यांनी अर्थ विचारला. तिने लॅपटॉप उचलला आणि त्यांना बाल्कनी दाखवली, वाळत घातलेल्या आजोबांच्या बनियनांसकट. पुढची सगळी मुलाखत बाल्कनीवरच झाली: ती आणखी लांब आणि आणखी अरुंद करत गेलं तर काय होईल, आणि तेवढ्याच कठड्यात सगळ्यांत जास्त जागा कशी मिळेल. त्यानंतर प्राध्यापक दोनदा चुकले. दोन्ही वेळा तिने त्यांना अडवलं.

प्रवेश मिळाला. आपण मुद्दाम ओरडलो, असं आजोबा सांगतात. मी शेजारीच उभी होते. कुंपणाचं ऐकून त्यांनी मनापासून मान हलवली होती, आणि चूक ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला होता.

ती तिकडे गेल्यावर पहिल्या रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. तू सुट्टीत आलीस की सगळ्या सोसायटीला चहाला बोलावू, असं आजोबा तिला म्हणाले. "बाल्कनीतच बसू. आरामात मावतील सगळे."

मी हातातलं काम थांबवलं.

"हो आजोबा," ती म्हणाली.